ज्याला साल असेल तेवढंच

लेक नर्स होती आणि वॉर्डात तिचा भलताच दरारा. पेशंटनं "गोळी नको" म्हटलं आणि नातेवाईक मागे लागले, की ही त्यांनाच दटावायची. "जबरदस्ती चालणार नाही. त्यांचा जीव, त्यांची मर्जी." पण हे सगळं पगारापुरतं! घरी सख्ख्या बापानं "नको" म्हटल्यावर बाईसाहेबांचं डोकंच फिरलं.

बाबा शिवणकाम करायचे. फिट येऊ नये म्हणून गोळी सुरू झाली तशी त्यांची बोटं बधिर पडायला लागली, सुईत दोरा जाईना. "नको गं मला ती," ते म्हणाले.

"जीव मोठा की सुई?" ती तडकली. विषय संपला.

पेशंटला नाकातल्या नळीतून द्यायला गोळ्या पिठासारख्या कुटायचा तिला वॉर्डातला सराव. तशीच कुटून ती बाबांच्या सूपमध्ये ढवळायला लागली.

एका दुपारी कॉलर शिवताना बाबांनी बोटं चोळली, पुन्हा चोळली, आणि तिच्याकडे बघितलं. "पोरी, गोळी कशात घालतेस?"

"मी? काहीतरीच काय, बाबा!"

त्या संध्याकाळपासून बाबा ज्याला साल नाही ते तोंडात घालेनात. फक्त केळं, संत्रं, उकडलेलं अंडं. स्वतः सोलायचं, स्वतः खायचं. माणूस वाळत चालला. शेवटी तिनं हात जोडले. "चुकले, बाबा. सूपमध्ये घालत होते. आता नाही घालणार." त्यांच्या वाटीतलं सूप त्यांच्यादेखत प्यायली.

"पी गं, दमून आली असशील," ते म्हणाले आणि अंडं सोलायला घेतलं. रागावले असते तर भांडून मोकळी तरी झाली असती बिचारी.

मग तिनं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं, "गोळी का नको वाटते, काका?" एवढंच! बाबांनी बोटं पुढे केली.

"अहो, मग दुसरी आहे की. तिनं सहसा असं होत नाही. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

"घेईन की," बाबा म्हणाले. दुसरी गोळी मिळेल का, हे आपण कधी विचारलंच नाही, म्हणून लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी जीव भांड्यात पडला.

घरी येताच तिनं पाकिटातून गोळी काढून तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "घ्या, बाबा."

बाबांनी पाकीट तेवढं उचललं, उजेडात धरून नीट वाचलं, नखानं दुसरी गोळी काढली आणि नळाखाली ओंजळ धरून गिळली.

"ती टाकून दे," ते म्हणाले. "राग नाही गं पोरी. पण तुझ्या हातून नको."