साक्षीदाराचा रकाना

बायको गेली त्या दुपारी मी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा फोन वाजत होता. नदीकाठच्या अभयारण्यातला वनरक्षक होता.

"काका, काकूंना सांगा, त्यांचा काळा करकोचा महिनाअखेरीस खोडावा लागेल. साक्षीदार नाही."

"काकू सकाळी गेल्या," मी म्हणालो. हे मी ज्याला सांगितलं असा पहिला माणूस तोच.

पलीकडे त्याने वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दोन महिने थांबतो. पुन्हा दोघांना दिसला, तर काकूंचीही नोंद पक्की करतो."

तिथला नियम असा, की दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिला तरच नोंदवहीत शाईने लिहायचा, नाहीतर पेन्सिलीने. तिने पाहिला तेव्हा दुसरा मीच होतो, आणि मी तोंडावर टोपी घेऊन घोरत होतो. "खोटी सही करू का?" म्हणालो, तर आठवडाभर बोलली नाही.

दुसरा म्हणून मी साडूला नेलं. त्याचं केस कापायचं दुकान आहे, आणि तोंड काही बंद होत नाही.

"साडूभाऊ, हा बघा. मागून किती वाढलेत!"

"बगळा आहे तो. हळू बोला."

"आणि त्याचा भांग कोणी पाडला हो?"

आम्ही पोचायच्या आधीच पक्षी उडून जात होते.

पलीकडच्या काठावर काळं काहीतरी एका पायावर उभं दिसलं. दुर्बिणीतून नुसता अंधार दिसत होता, म्हणून आम्ही चाळीस मिनिटं पोटावर सरपटत गेलो. त्याने मान वळवली, असं साडू शपथेवर सांगत होता. मग मला दुर्बिणीवर राहिलेलं झाकण सापडलं. ती वनरक्षकाची छत्री होती, चिखलात रोवलेली.

उठताना साडूचा पाय रुतला. तो वाकून बुटाला शिव्या घालत होता आणि तेवढ्यात समोरच्या लव्हाळ्यातून करकोचा बाहेर आला. काळा, पोट पांढरं, चोच आणि पाय लालभडक. दोन पावलं चालला आणि उडाला.

"बघा, बघा!"

"काय बघू? बूट गेला माझा!"

मी साडूकडे जसा बघत राहिलो, तशीच ती त्या दिवशी माझ्या टोपीकडे बघत राहिली असेल.

चौकीत साडू छाती काढून म्हणाला, "पाहिला की. आणा पेन."

"पाय कोणत्या रंगाचे?" वनरक्षकाने विचारलं.

"अहो, मी मानेच्या खाली बघतच नाही. धंद्याची सवय."

वनरक्षक हसला, पण पेन काही देईना. मीही मागितलं नाही. त्याने पेन्सिल पुढे केली. तिच्या ओळीखाली मी माझी ओळ लिहिली.

"मुदत संपल्यावर?" मी विचारलं.

"साहेबांना सांगतो, खोडरबर सापडत नाही."

दोन्ही नोंदींपुढचा साक्षीदाराचा रकाना अजून रिकामा आहे.