एकटं असतानाच लागणारा दिवा

काटेवाल्यांची गाडी त्यांच्या संसारापेक्षा वयाने थोडीच लहान होती. रंग मूळचा निळा, पण बॉनेटवर उन्हाने पांढुरका झालेला. मागची काच वर करायची तर एका हाताने काच आणि दुसऱ्याने हँडल धरावं लागायचं. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते सांगणारा काटा तिच्यात नव्हताच. फार तापलं तर डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागणार, एवढीच व्यवस्था. इतक्या वर्षांत तो दिवा त्यांनी पाहिला होता तो फक्त किल्ली फिरवताना, क्षणभर.

त्यांचा धंदा वजनकाटे तपासण्याचा. किराण्याची दुकानं, औषधांची दुकानं, एखादा दवाखाना. काटा उघडायचा, आतली धूळ पुसायची, बॅगेतली वजनं एकामागून एक त्यावर ठेवून पाहायची, आणि काटा थापा मारत असेल तर त्याला ताळ्यावर आणायचं. औषधांच्या दुकानातली बाई दर वेळी म्हणायची की तुम्ही येऊन गेलात की माझं वजन वाढतं. ते हसायचे. दिवसभरात कामापलीकडचं बोलणं व्हायचं ते एवढंच.

बायको गेल्यापासून हे असं झालं होतं. ती असताना फेरीवर सोबत यायची. दुकानात पाऊल टाकायची नाही. गाडीत बसून विणकाम करायची, आणि ते परत आले की आत कोण काय म्हणालं ते खोदून खोदून विचारायची. ती विचारणार म्हणून तेही लोकांच्या बोलण्याकडे कान देऊन असायचे. आता विचारणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी ऐकणंही सोडून दिलं होतं.

दिवा पहिल्यांदा लागला तो डोंगराकडच्या रस्त्यावर. उजवीकडचं मोठं वळण घेऊन ते चढाला लागले आणि स्टिअरिंगच्या मागे लाल ठिपका दिसला. गाडी बाजूला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, वास नव्हता. रबरी नळी गरम होती, पण हात मागे घ्यावा इतकी नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला जाड फडकं हवं, म्हणून त्यांनी बॅग उचलून बाहेर घेतली, फडकं काढलं, आणि मग झाकणाला हात न लावता तसेच रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. समोरच्या शेतात एक माणूस पाणी देत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बऱ्याच वेळाने किल्ली फिरवली तेव्हा दिवा नेहमीसारखा क्षणभर लागून विझला.

त्या आठवड्यात तो पुन्हा लागला. मग पुन्हा. काटेवाले गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले.

गॅरेजमध्ये वायरिंगचं काम एक बाई करायच्या. चाळिशीच्या, अंगाने सडपातळ, टेस्टर कायम कानामागे खोचलेला. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या, आणि गाडीशी बोलत बोलत काम करायची सवयही तिकडूनच आलेली. त्यांनी पाणी पाहिलं, काठोकाठ होतं. पंखा पाहिला, फिरत होता. मग इंजिनावरचा सेन्सर बदलला. पाणी तापलं की दिव्याला वर्दी देतो तो हाच, वर्दी चुकीची देत असेल, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस बरे गेले आणि दिवा पुन्हा लागला. मग तापलेल्या पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बदलला. तरी लागला.

शेवटी त्या म्हणाल्या की काका, मी शेजारी बसते, चला, डोळ्यांनी बघू तरी. काटेवाल्यांनी घाईघाईने सीट रिकामी केली, सामान डिकीत टाकलं, सीटवरची धूळ हाताने झटकली. डोंगराकडच्या रस्त्याने ते जाऊन आले. वळण आलं, चढ आला, इंजिन चांगलं घामाघूम झालं. दिव्याने डोळा म्हणून उघडला नाही.

असं तीनदा झालं. त्या शेजारी असल्या की दिवा गप्प, आणि दुसऱ्या दिवशी काटेवाले एकटे निघाले की हजर. जाता-येता बाई सारखं बोलायच्या. त्यांच्या आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे टीव्हीवर कोण कुणाला काय म्हणालं ते यांनी घसा फोडून सांगायचं, आणि सगळं ऐकून आई म्हणायची की हे मला आधीच कळलं होतं. काटेवाले ऐकत राहायचे. तिसऱ्या खेपेला परतताना त्यांनी जवळचा रस्ता सोडून लांबचा घेतला. दिव्याला लागायला सवड मिळावी म्हणून, असं त्यांनी सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

गॅरेजच्या मालकाने मात्र हात टेकले. त्याने हसत हसत सुचवलं की एकदा डोळे तपासून घ्या, उन्हात काचेवर नाना रंग दिसतात. फोनवर मोठ्या बहिणीचंही तसंच. ती म्हणाली, "अरे, एकट्या माणसाला दिसतं काहीबाही. विकून टाक ती गाडी आणि ये इकडे." तिने मायेने म्हटलं होतं, पण ते त्यांना झोंबलं. ज्याचं पोट खरं-खोटं वेगळं करण्यावर चाललं, त्याला आता स्वतःच्याच डोळ्यांची खात्री वाटेना. लाल ठिपका दिसला की ते आधी डोळे मिटायचे, उघडायचे, मग तिरक्या नजरेने बघायचे. दिवा असायचाच. त्याची त्यांना भीती वाटायची, आणि तो खरंच लागलाय असं सांगणारं गाडीत कुणी नाही याची जास्त.

बाईंनी मात्र त्यांना वेड्यात काढलं नाही. फोटो काढून आणा म्हणाल्या. काटेवाल्यांनी आणला, हललेला होता, पण दिवा स्वच्छ दिसत होता. बाई तो बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागतो तर खरा. म्हणजे मी बसले की काहीतरी बदलतं. उद्या तुम्ही रोजच्यासारखे निघा. मी मागून स्कूटरवर येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच केलं. काटेवाले रोजच्यासारखे निघाले. आरशात स्कूटर दिसत होती. कधी एखाद्या टेम्पोमागे लपायची, पुन्हा दिसायची. डोंगराकडचं मोठं वळण आलं. वळण संपलं आणि दिवा लागला. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, एवढ्या जोरात की मागचा ट्रकवाला दचकून थांबला.

बाई धावत आल्या, खिडकीतून वाकून पाहिलं. "लागलाय," त्या म्हणाल्या.

तो एक शब्द काटेवाल्यांना पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटत होता.

बाईंनी इंजिन बंद करायला लावलं, पण किल्ली तशीच ठेवायला सांगितली. कशालाही हात लावू नका, जागेवरून हलू नका, असंही बजावलं. मग बॉनेट उघडून सेन्सरची वायर उपसून काढली आणि ओरडून विचारलं की विझला का. नाही विझला, काटेवाल्यांनी सांगितलं. वायर सेन्सरला जोडलेलीच नाही आणि दिवा तरी चालू, म्हणजे इंजिनाचा आणि सेन्सरचा यात काहीच दोष नाही. मधेच कुठेतरी वायर सोलपटून गाडीच्या पत्र्याला टेकते आहे, आणि टेकली की दिव्याला खोटी वर्दी जाते. बाईंचा चेहरा उजळला. वायर कुठून कुठे जाते ते बघत त्या शेजारच्या दारापाशी आल्या. दार उघडलं. पाय ठेवायच्या जागेत वजनांची बॅग होती, वळणावर घसरून कडेच्या पॅनेलला रेललेली. त्यांनी ती ओढली. दिवा विझला. परत रेलून ठेवली. लागला.

"काका, मी बसायचे तेव्हा ही कुठे असायची?"

"डिकीत."

"आणि आधी? पहिल्यापासून?"

"डिकीतच. बायको पुढे बसायची ना. ती गेल्यावर पुढे आणली. ती जागा रिकामी दिसायची."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या नाहीत, याबद्दल काटेवाल्यांनी मनात त्यांचे आभार मानले. बाईंनी स्कूटरच्या डिकीतून टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला, पॅनेल उघडलं आणि गुडघे टेकून आत डोकं घातलं. वायर एका स्क्रूच्या टोकावर घासून घासून उघडी पडली होती. बॅगेचा भार आला की पॅनेल आत दबायचं आणि वायर स्क्रूला भिडायची. बाईंनी ती कापून नीट जोडली, टेप गुंडाळला, त्यावर प्लॅस्टिकची नळी चढवली आणि स्क्रूपासून दूर बांधून टाकली. काम चालू असताना त्या यावेळी बोलल्या नाहीत, गाडीशीसुद्धा.

हात पुसत त्या उठल्या तेव्हा काटेवाले बॅग उचलून डिकीकडे निघाले होते. बाई म्हणाल्या, "असू द्या पुढे. नळी घातलीय, आता काही होत नाही. तुम्हाला हवी तिथे ठेवा."

मग त्या स्कूटर वळवून निघून गेल्या. काटेवाले वळणापर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले. दिव्याचा दोष सापडला याचा आनंद होता. पण आता गॅरेजमध्ये जायला निमित्त उरलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आनंदाचं वजन थोडं कमी भरलं.

दिवा त्यानंतर लागला नाही. गाडीचा भरवसा आल्यावर त्यांनी डोंगरापलीकडच्या गावाची फेरी पुन्हा सुरू केली. ती मुक्कामाची फेरी होती. बायकोमागे ते तिकडे फिरकलेच नव्हते. तिथल्या दुकानदारांचे काटे पार बिघडले होते, काम भरपूर निघालं. संध्याकाळी ते लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं की दुसरं कुणी यायचं आहे का. नाही, एकटाच आहे, ते म्हणाले. त्याने किल्ली दिली. खोलीत दोन पलंग होते. कुठल्यावर झोपायचं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून ते खुर्चीवर बसले आणि बहिणीला फोन लावला.

असा अचानक फोन आल्यामुळे ती घाबरली. काय झालं, कुठे आहेस, गाडी बंद पडली का, एका दमात तिने सगळं विचारलं.

"काही नाही झालं," ते म्हणाले. "सहज केला."

ती म्हणाली की माझी भांडी घासायची राहिलीत, फोन ओट्यावर ठेवते, तू बोलत राहा. काटेवाल्यांनी आठवून आठवून सांगायला सुरुवात केली: वाण्याचा मुलगा कसा वजनांशी खेळत होता, दवाखान्यातली नर्स काट्यावर चढायला कशी तयार होईना. सांगता सांगता त्यांच्याकडचं संपलं. पलीकडे नळ चालू होता, ताटांचा आवाज येत होता, मधूनच तिचं खोकणं. त्यांनी फोन ठेवला नाही. बाहेर अंधारून आलं तरी दिवा न लावता ते तो आवाज ऐकत बसले.