मी शेठच्या खिशातला फोन

मी बोलतोय. कोण म्हणून काय विचारता? फोन बोलतोय. फोनवरून दुसरं कोणी नाही, खुद्द फोन.

मी बटणांचा. पाचाचं बटण आत गेलंय, पाठचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलंय. शिक्षण म्हणाल तर आकडे तेवढे बरे येतात. अक्षरं आली की निम्म्यांचे चौकोन करून दाखवतो. शेठचं त्यावाचून काही अडलं नाही. शेठला आकडेच बघायचे असायचे.

शेठ म्हणजे पेढीवरचा नव्हे हां. पंपांच्या कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर. नखांत काळं तेल, डबा फडक्यात बांधलेला. पण पगार झाला की एखाददुसरा शेअर घ्यायचा, म्हणून बाकीच्यांनी चिडवायला शेठ नाव पाडलं. ते चिडवणं आहे हे याला कधी उमगलंच नाही. हाक आली की कॉलरचं बटण लावायचा.

शेठचा नियम एकच. डिव्हिडंड देणारा शेअर घ्यायचा आणि घेतलेला विकायचा नाही. कंपनीला नफा झाला की थोडा भागीदारांत वाटतात, तो डिव्हिडंड, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं. तो खात्यात जमा झाला की माझ्या पोटात टुक वाजायचं. शेठ मशीन थांबवून, हात पुसून मला बाहेर काढायचा. बायको माहेरून परत आल्यावरसुद्धा एवढा खुलत नसेल.

"शेअर म्हणजे गाय," तो घरी बायकोला, आमच्या बाईंना, सांगायचा. "गाय विकायची नाही. दूध आलं की त्या पैशात वासरू घ्यायचं."

"आणि दूध प्यायचं कधी?"

"खालच्या घरात गेल्यावर."

खालचं घर ही खरी गोष्ट होती. हे राहायचे चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाईंचे गुडघे गेलेले. डिव्हिडंडमधून तळमजल्यावरच्या घराचं भाडं सुटायला लागलं की त्या दिवशी सामान खाली, असा शेठचा शब्द होता. बाईंनी घर हेरूनही ठेवलं होतं. म्हणायच्या, मला बाकी काही नको, नुसतं मनात आलं की दाराबाहेर पडता आलं पाहिजे.

त्यासाठी दोघांनी काय काय सोसलं. शेअर ज्या कंपनीचे, घरात साबणही तिचाच. शेठला त्या साबणानं पुरळ उठायचं, पण आपल्याच कंपनीचा धंदा कशाला बुडवा? बाईंचा धाकटा भाऊ आला की पाहत बसायचा.

"खाजवा दाजी, खाजवा," तो म्हणायचा. "यंदा डिव्हिडंड वाढणार."

आणि वाढला की. साबण, बिस्किटं, रंग, थोडं थोडं करत भाड्याएवढं जमायला लागलं. बाईंनी वरची भांडी चादरीत बांधली. नेमकं त्याच सुमारास शेठच्या कारखान्यानं डिव्हिडंड दुप्पट केला. झालं. शेठच्या डोक्यात भुंगा शिरला.

"एक वर्ष थांब गं," तो बाईंना म्हणाला. "साबणवाले दोन टक्के देतात, आपला कारखाना बारा देतोय. सगळं तिकडे लावतो. मग भाड्यानं कशाला, विकतच घेऊ."

बाईंनी चादरीची गाठ सोडून भांडी परत वर लावली.

शेठनं माझ्यावरूनच दलालाला फोन केला. गाय विकायची नाही म्हणणाऱ्यानं अख्खा गोठा विकला.

"दाजी, पगारही तिथला, शेअरही तिथलेच?" मेहुणा म्हणाला. "एका खुंटीला किती कपडे टांगाल?"

"अरे, बाहेरच्याला पेपरात वाचून कळतं. मी आत असतो. मला दिसतं."

दिसत होतं, खोटं नाही. आधी ड्रिलिंग मशीन गेटबाहेर गेलं. मग ग्राइंडर गेले. शेठ म्हणाला, जुनं काढतायत, नवं येणार. एकेक मशीन गेलं की थोड्या दिवसांनी माझ्या पोटात टुक. मग एक दिवस शेठचीच लेथ निघाली. तिचे बोल्ट दुसऱ्या कोणाला सुटेनात, म्हणून यानंच सोडले. तेल पुसलं, वर ताडपत्री घातली, ट्रकवाल्याला म्हणाला, सांभाळून ने रे, नाजूक आहे.

त्यानंतरचा डिव्हिडंड सगळ्यात मोठा. शेठनं सगळ्यांना चहा पाजला आणि मला हातोहात फिरवलं. स्टोअरवाल्यानं आकडा बघितला, मग लेथच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"लेथ खाल्लीस की रे शेठ," तो म्हणाला. "आता काय, छप्पर?"

"तुम्हा लोकांना जळायला काहीतरी लागतंच," शेठ म्हणाला.

छप्पर राहिलं. गेटला कुलूप लागलं. पगार बंद, डिव्हिडंड बंद, दोन्ही एकाच सकाळी. शेअर विकायला काढले तर घेणारा मिळेना.

आता शेठ त्याच गेटवर राखणदार आहे. रिकामी शेड राखतो. मेहुणा म्हणाला, "बरंच झालं दाजी, मालकानंच राखण केलेली बरी." कोणी हसलं नाही. तोच मग जरा वेळानं बाईंना म्हणाला, "ताई, माझ्याकडे चल. दोन माणसं आणतो, खुर्चीत बसवून खाली नेतो."

"आणि ह्यांच्या जेवणाचं?" बाई म्हणाल्या.

माझी बॅटरी उतरली तरी मी टुकच वाजतो. मला दुसरा आवाज येत नाही हो. पण शेठ भरल्या ताटावरून उठायचा. एक-दोनदा मी गंमत म्हणूनही वाजलो. मग त्यानं मला बाईंपाशी ठेवलं ते कायमचंच. तरी संध्याकाळी गेटवरच्या केबिनमधून फोन येतोच.

"काही वाजलं का गं?"

"नाही."

परवा बाई खिडकीशी बसल्या होत्या, खाली बघत. फोन आला, त्यानं तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "वाजलं." मी वाजलो नव्हतो.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग शेठ म्हणाला, "किती?"

"चष्मा नाही माझ्या हाताशी. तुम्ही आल्यावर बघा."

शेठ आला. चार मजले चढून आला. हात धुतले, जेवला, पाणी प्यायला. मी त्याच्या ताटाशेजारीच होतो. त्यानं मला उचललं नाही. बाईंनीही बघा म्हटलं नाही.

माझी बॅटरी आता फुगलीये, फार दिवस काढेन असं वाटत नाही. मेलो की खुशाल फेका, माझी तक्रार नाही. तेवढं बाईंना कोणीतरी एकदा खाली न्या. माझ्यानं झालं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं. मला हात नाहीत.