गुणी बाळाचा धसका

मला रडकी बाळं आवडतात. बेंबीच्या देठापासून ओरडणारं बाळ दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. वॉर्डात कुणी ‘गुणी बाळ’ म्हटलं की मात्र मी हातातला चहा टाकून धावते.

त्या सकाळी राउंडला गेले, तर कोपऱ्यातल्या खाटेभोवती कौतुक चाललं होतं.

“बघा डॉक्टरीणबाई, कालपासून हूं नाही की चूं नाही,” आजी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “आमच्या घराण्यात कुणी आवाज चढवतच नाही.”

“दूध पितंय?”

“ओढतच नाही हो,” बाळंतीण म्हणाली. “मला वाटलं, पोट भरलं असेल.”

मी दुपटी सोडायला लागले. कांद्यालासुद्धा इतकी सालं नसतात. आत बाळाचे पाय गार, छाती भराभर खालीवर होत होती. तळव्याला टिचकी मारली, तर डोळे किलकिले करून पुन्हा मिटले. मी घाबरले. रक्तात जंतू पसरले की बाळं अशीच शहाणी होतात.

“आधी रिपोर्ट येऊ द्या ना,” बाळाचे वडील म्हणाले. “एवढ्याशा जिवाला उगाच टोचायचं...”

आमच्याकडे जंतू ओळखायची सोय नाही. रक्त मोठ्या शहरात जातं आणि रिपोर्ट सवडीने येतो.

“रक्त पाठवते. पण रिपोर्टची वाट बघत बसलो, तर तो येईपर्यंत बाळ राहणार नाही,” मी म्हणाले. जरा कडकच. बाळंतिणीने नवऱ्याकडे न बघता बाळ माझ्या हातात दिलं.

इंजेक्शनं सुरू झाली, नळीने दूध सुरू झालं. दिवसभर बाळ गप्पच होतं. आजीही गप्प बसल्या, आणि ते मला जास्त जड गेलं.

मग एका सकाळी जिन्यातच किंकाळी ऐकू आली. दूध यायला जरा उशीर झाला म्हणून बाळ लालबुंद झालं होतं. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. तेवढ्यात शिपायाने रिपोर्ट आणून दिला. ‘नमुना अपुरा. पुन्हा पाठवावा.’

वडिलांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

“कान किटले बाई,” शेजारच्या खाटेवरची बाई कुरकुरली.

“आमच्या घराण्यात कुणी हळू बोलतच नाही,” आजी म्हणाल्या.