चपलेचं बूच

बूच लाकडाचं होतं, मुठीएवढं. त्यावर दुलोने जुन्या रबरी चपलेचा तळ कापून घट्ट गुंडाळला होता. ओढून काढायला सोपं जावं म्हणून चपलेचा निळा पट्टा तसाच लोंबता ठेवला होता.

दुलो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मेर्लिताचा नवरा. मानोंग इस्कोयच्या प्रवासी होडीवर तो इंजिन सांभाळतो. आमच्या बेटावर वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग म्हणतात आणि थोरल्या बहिणीसारख्या बाईला मानांग. इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी धुराबरोबर सायलेन्सरच्या नळीतून मागे बाहेर पडतं. एकदा मी सहज विचारलं तेव्हा दुलोने मला नीट समजावलं होतं. "मानांग, इंजिन चालू आहे तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो. बंद पडलं की ढकलणारं कोणी नाही. मग समुद्र त्याच दारातून घरात येतो." त्यासाठी त्याने नळीला आत उंच कमान दिली होती. रोजच्या लाटांना ती पुरायची. पण सणाच्या मिरवणुकीत याच होडीत मरियामातेची मूर्ती बसते, तेव्हा इंजिन आम्ही लावत नाही. त्या आईला धूर लागू नये म्हणून दुसऱ्या दोन होड्या ही होडी दोराने ओढतात. मागच्या बाजूला पन्नास माणसं बसतात, होडीचं बूड खाली जातं आणि मागून येणाऱ्या होड्यांच्या लाटा थेट नळीच्या तोंडावर आदळतात. त्या दिवसापुरतं ते बूच.

म्हणजे मला माहीत होतं. हे लिहायला जड जातं, पण माहीत होतं.

सणाच्या रविवारी पहाटे ओहोटी होती आणि होडी वाळूवर टेकलेली होती. मी रोझरीची माळ आटोपून फुलं घेऊन गेले. आईला सजवण्याचा मान एकवीस वर्षं माझ्याकडे आहे. बुधवारी मी अळणी जेवते, बाराच्या घंटेला हातातलं काम टाकते, म्हणून असेल. मागच्या बाजूला पांढरं कापड बांधताना मला तो निळा पट्टा दिसला. बरोबर आईच्या आसनाखाली. पायातली चप्पल! फादर येतील, शेजारच्या बेटावरच्या बायका येतील, त्या काय म्हणतील? मी इकडेतिकडे पाहिलं. पट्टा धरला, दोन्ही पाय वाळूत रोवले आणि ओढलं. मनात म्हटलं, आई वर बसलेली असताना पाणी आत जायची काय हिंमत.

बूच फुलांच्या बादलीत टाकून मी वर ओलं फडकं झाकलं. मिरवणूक छान झाली. फादर म्हणाले, "लुसिंग, यंदा होडी अगदी स्वर्गातून उतरल्यासारखी दिसते." मला ते फार गोड लागलं.

सोमवारी सकाळी दुलो बूच काढायला पाण्यात उतरला तर बूच नाही. मानोंग इस्कोयने काढलं असेल असं त्याला वाटलं. विचारायला तोंड उघडेपर्यंत इस्कोयने बटण दाबलं होतं. इंजिन एकदाच दणकलं आणि जाम झालं. नोझल खोलली तर प्रत्येक भोकातून खारं पाणी. एक रॉड वाकलेला. लोकांनी वेढा घातला, त्यात मीही होते.

"बूच कुठाय?" इस्कोयने विचारलं.

"लावलं होतं, मानोंग. हातोडीने ठोकून लावलं होतं."

"मग काय, माशाने नेलं?"

"माशाने नाही, माडीने!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

दुलोने गेल्या गुड फ्रायडेला आईसमोर नवस बोलून माडी सोडली होती. दहा महिने थेंब नाही. तो एवढंच म्हणाला, "मी प्यायलो नव्हतो." त्यावर जास्तच हसले. इस्कोयने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "तू घरी जा, बाबा. मी दुसरा माणूस बघतो."

तेव्हा माझं तोंड उघडायला हवं होतं. मी घरी आले आणि बूच चुलीत घातलं. रबराचा काळा धूर घरभर झाला.

मेर्लिता संध्याकाळी रडत आली. "मानांग, मी त्याचं तोंड हुंगून पाहिलं. वास नव्हता. पण बडीशेप खाल्ली असेल, नाही का? तू प्रार्थना कर त्याच्यासाठी. आई तुझं ऐकते."

मी केली. तीन माळा जादा केल्या.

गुरुवारी दुलो स्वतः आला. पायरीवर बसला, आत आला नाही. बराच वेळ नखातलं ग्रीस काढत राहिला.

"मानांग, तुम्ही त्या पहाटे फुलं लावत होतात. नळीत बूच दिसलं होतं का तुम्हाला?"

मी म्हणाले, "माझं लक्ष आईकडे होतं, दुलो."

खोटंही म्हणता येणार नाही असं मी बोलले, आणि बोलताना गळ्यातला क्रूस हातात धरला होता.

"मग विसरलो असेन," तो म्हणाला. "ठोकल्याचं आठवतं मला. हाताला हादरा बसल्याचंही आठवतं. पण सगळे म्हणतात तर... डोकंच गेलं असेल माझं. मग नवस करून तरी काय उपयोग?"

तो गेला त्या वाटेवर माडीची दोन दुकानं आहेत. मी दारात उभी राहून बघत होते. तो दोन्ही ओलांडून गेला. तरी मी त्याला हाक मारली नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर रोझरी सांगायला मी पुढे उभी राहिले. तेवढ्यात दुलो उठला. धुतलेला शर्ट, केसांना पाणी. म्हणाला, "फादर, मला दोन शब्द बोलायचेत. मानोंग इस्कोय, होडी माझ्यामुळे गेली. प्यायलो नव्हतो, पण बूच मी विसरलो. सगळ्यांसमोर माफी मागतो." मेर्लिता मान खाली घालून बसली होती.

माझ्या हातात माळ होती. मी म्हणाले, "बूच मी काढलं."

माझा आवाज मुळातच लहान. पहिल्या बाकापलीकडे गेला नाही.

"मोठ्याने, मानांग! मागे ऐकू येत नाही," इस्कोय ओरडला. त्याला वाटलं मी प्रार्थना सुरू केली.

दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं. "दुलोने बूच लावलं होतं. मी काढलं. चपलेचं होतं, आईच्या खाली बरं दिसेना. नंतर मी ते जाळलं."

आधी एक बाई खुदकन हसली. मग कोणी म्हणालं, "अहो, भक्तीपोटी केलं त्यांनी!" पाठोपाठ सगळेच तसं म्हणू लागले. इस्कोयसुद्धा डोकं खाजवत म्हणाला, "तुम्हाला काय बोलायचं, मानांग? मन साफ आहे तुमचं." फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंजिन तेच, पाणी तेच, वाकलेला रॉडही तोच. आठवडाभर त्याला बेवडा म्हटलं, आणि मला एका मिनिटात माफ केलं. मला तिथे उभं राहवेना.

इस्कोयने दुलोचा हात धरून त्याला बाजूला नेलं. उद्यापासून ये म्हणाला असणार, कारण दुलोने मान हलवली. मी दाराशी थांबले. तो जवळ आला. मला वाटलं होतं तो ओरडेल, मला ते हवंही होतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला.

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. मेर्लिताने त्याच्या कोपराला धरलं, माझ्याकडे न बघता, आणि ती दोघं किनाऱ्याकडे उतरली. आत लोक रोझरीसाठी माझी वाट पाहत होते. मी माळ पहिल्या बाकावरच्या बाईच्या हातात दिली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.