लग्नाचा दाखला

वजदीला लघवीला जळजळ सुरू होऊन दहा दिवस झाले होते. जवाचं पाणी पिऊन पिऊन पोटाचा नगारा झाला, गुण मात्र शून्य. हा उपाय मोएझचा. सफाक्स शहरातल्या एका कॅफेत बसून साऱ्या पोरांना औषधं सांगणारा हा बिनपदवीचा डॉक्टर.

"दवाखान्यात गेलास की नर्स आधी बापाला फोन लावते," मोएझ सांगायचा, आणि पोरं माना डोलवायची. दवाखान्याची पायरी एकानेही चढलेली नव्हती. अर्धवट शहाणे मेले.

अकराव्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा वजदी मुकाट्याने सरकारी दवाखान्यात गेला. सलवा सिस्टरने तपासणी करवली, डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन दिलं, गोळ्या आणि निरोधची पाकिटं हातात ठेवली. "जिच्याबरोबर होतास तिलाही पाठव," म्हणाली.

"वडिलांना सांगणार?" वजदीने भीत भीत विचारलं.

"का? त्यांनाही जळजळ होतेय?"

हसत बाहेर पडतो तर दारात शेजारची मबरूकामावशी. "तू इथे कसा रे?"

"लग्नाचा दाखला, मावशी." तिकडे डॉक्टरच्या दाखल्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणून तोंडाला येईल ते बोलून गेला. मावशीने तिथेच आनंदाने, लग्नात बायका करतात तसं, जीभ नाचवत लूलू केलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर नवरदेव झाला बिचारा.

घरी आईला "मावशीचा गैरसमज झाला" म्हणून गप्प केलं. कॅफेत मात्र पोरांनी घेरलं. "कोण रे ती? आम्हाला पत्ताच नाही," मोएझ म्हणाला. आणखी एक थाप मारली असती तर निभावलं असतं. पण वजदीला खोट्याचा वीट आला होता. त्याने सगळं खरं सांगून टाकलं.

पोरं खो खो हसली. सगळ्यांत मोठ्याने मोएझ.

"हसा. मी इंजेक्शन घेऊन आलोय, आणि बापाला फोन गेलेला नाही," वजदी म्हणाला. कान लाल झाले होते, तरी उठून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बेकरीत पाव भाजत असताना मोएझ मागच्या दाराने आला. पिठाच्या एका पोत्याची सुतळी बोटाने उसवू लागला.

"इंजेक्शन फार दुखतं का रे?"

वजदीच्या जिभेवर टोमणा आला होता, पण मोएझचा उतरलेला चेहरा बघून त्याने तो गिळला. "तुला किती दिवस झाले?"

"रमजानच्या आधीपासून," मोएझ म्हणाला. "कोणाला विचारणार होतो मी? सगळे मलाच विचारतात."

वजदीने अॅप्रन सोडला. "चल, मी येतो बरोबर."