पहिल्या डब्यातलं दुसऱ्या डब्यात

दिग्रसला प्रफुल्लचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, आणि त्याच्याकडं रंजिता कॉम्प्युटरवर बसायची. कापसानं माणसांची दैना केली, ती ही वर्षं. लग्नं लागायची ती उरकल्यासारखी, मग शूटिंग करतं कोण? नव्या कॅसेटी परवडत नव्हत्या, म्हणून जुन्याच पुसून वापरायच्या. प्रफुल्ल म्हणायचा, "कॅसेट गेली तं जाऊ दे वो, सारं डिस्कमंदी हाये ना!" होतंच की सारं. रंजिताची याडी, म्हणजे आई, गंगी, तीही त्या डिस्कमध्येच होती.

दोन वर्षांमागं त्यांच्या बंजारा तांड्यातल्या एका लग्नात नवरीला ढावलो म्हणायचा होता. सासरी निघताना रडत म्हणायचं गाणं ते, पण हुंदक्यानं पोरीला शब्दच फुटेनात. तेव्हा गंगीनं तिच्या गळ्यात पडून सूर उचलला, आणि प्रफुल्लचा कॅमेरा नेमका गंगीवर होता. सहा महिन्यांत गंगी तापानं गेली. तेव्हापासून रंजिताचा बाप लालसिंग दर बाजाराच्या दिवशी दुकानात यायचा, कानाला हेडफोन लावून चार मिनिटं बायकोचा आवाज ऐकायचा, नाक पुसायचा आणि निघून जायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर प्रफुल्लनं दुसरी डिस्क आणली. पहिलीसारखाच काळा डबा, पण कोरा. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर त्यानं एका ओळीची कमांड लिहिली. पहिल्या डब्यात जे आहे ते हुबेहूब दुसऱ्यात उतरवायचं, आणि पहिल्यात जे नाही ते दुसऱ्यातून पुसून टाकायचं. दसऱ्याला सकाळी अकराला ती आपोआप चालेल अशी वेळ लावली, आणि गडी दीक्षाभूमीला नागपूरला गेला. कशाला हात लावू नको, एवढं रंजिताला सांगायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्यावर पोट चालतं ते पुजायचं नाही म्हणजे काय? रंजितानं कॉम्प्युटर बंद केला, कॅमेरा आणि दोन्ही डबे पाटावर मांडले, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दसऱ्याला सकाळी सगळं परत जोडलं. अकराला डब्यावरचा दिवा लुकलुकायला लागला, तशी पोरगी खूशच झाली.

प्रफुल्ल आला, कॉम्प्युटरवर बसला. पडद्यावर दोन्ही डबे उघडून पाहिले, तर दोन्ही कोरे.

"रंजिता, डबे हलवले होते काय?"

"पूजेले उचलले होते, भाऊ. जसेच्या तसे लावले."

"उलटे लागले ना वो!" त्यानं कपाळाला हात लावला. "कोरा डबा पहिला झाला, अन् भरलेला दुसरा. सारं साफ झालं. चूक माही हाये. डब्याचं नाव लिहायचं होतं, म्या नंबर लिहिला; जो ज्या भोकात लागन तो त्याचा नंबर."

चूक कोणाची का असेना, गेलेलं थोडंच येतं? तरी तो दोन दिवस पडद्यावर कमांडी मारत राहिला. पुसलेलं शोधणाऱ्या एका कमांडनं नऊशे फायली वर काढल्या, बिननावाच्या. अर्ध्या उघडेनात. बाकीच्या रंजितानं एकेक करून पाहिल्या. बँड, हळद, पंगती, रुसलेले जावई. कोणाकोणाच्या आया निघाल्या, तिची काही निघाली नाही. "आग लागो माह्या हाताले," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. प्रफुल्लला तिच्याकडं बघवेना.

बाजाराच्या दिवशी लालसिंग आला. नेहमीच्या स्टुलावर बसला, हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटले. बाकीच्या गोष्टी सांगता येतात, ही कशी सांगावी?

"बा," रंजिता कशीबशी म्हणाली, "आज लाइट नाही."

लालसिंगनं डोळे उघडले. डोक्यावर पंखा गरगरत होता. त्यानं पंख्याकडं पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. हेडफोन काढून जपून टेबलावर ठेवला.

"बरं बाई," तो म्हणाला, "पुढच्या बाजाराले येतो."

पुढच्या बाजाराला तो दुकानावरूनच गेला. आत काही आला नाही.